पलीकडे स्वस्त मिळतं

२ मार्च, रविवार

आज पुन्हा ती दोघं आली. माझा धाकटा भाऊ बून तिआक आणि त्याची बायको मुई चू. ही एकच गोष्ट त्याला पलीकडे मिळाली नाही, इथूनच पुऱ्या भावात करून घ्यावी लागली, म्हणून बहुधा तिच्यावर एवढा जीव.

पलीकडे म्हणजे जोहोर. समुद्रातला बांध ओलांडला की मलेशिया, आणि मलेशियात म्हणे सगळं तिसऱ्या हिश्श्यात. आपल्या एका डॉलरला त्यांचे तीन रिंगिट आणि वर थोडं, हे कळल्यापासून निम्म्या सिंगापूरला रविवारी देव आठवत नाही. दोघं थेट तिकडूनच आली होती, दोन्ही हातांत पिशव्या. टूथपेस्ट, कपड्यांची पावडर, माइलोचा डबा, टिश्यूचे गठ्ठे. सगळं आमच्या इमारतीखालच्या दुकानात मिळतं. मुई चू एकेक वस्तू टेबलावर मांडत होती आणि दोन भाव सांगत होती, इथला आणि तिथला, पोरं पाढे म्हणतात तशी. बांधावर गाडीत तीन तास घामाघूम होऊन बसली होती, त्याचा भाव मात्र तिनं सांगितला नाही.

आणि पेट्रोल! पलीकडे जाताना गाडीची टाकी पाऊण भरलेली नसली तर चौकीवरून परत पाठवतात, तिकडचं स्वस्त भरून आणू नये म्हणून. तर हे दीडशहाणे उरलेल्या पाव टाकीसाठी जातात. मी म्हटलं, जाण्यायेण्यात तेवढंच जळत असेल. बून तिआक म्हणाला, आचे, तुला नाही कळायचं. मोठ्या बहिणीला आचे म्हणायचं आणि मग अक्कल काढायची, ही आमच्या घरातली रीत.

आई आतल्या खोलीतून सगळं ऐकत होती. न्हाणीघरात पडल्यापासून ती ऐकण्याचंच काम करते.

५ मार्च, बुधवार

डॉक्टर म्हणाले, खुबा सांधला आहे, पण त्या आता स्वतःहून उठणार नाहीत, आणि उचलायला दोन माणसं लागतील. माझ्या गुडघ्यांकडे बघून म्हणाले. माझे गुडघे माझे आहेत.

घरी ठेवायला बाई का आणत नाही, असं त्यांनी विचारलं. आणल्या होत्या की. एक आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. पहिलीला भांडी पुसता येत नव्हती आणि दुसरी उलट बोलायची. मी सदतीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढली, आठशे पोरांना धाकात ठेवलं, आणि घरात येऊन एका बाईचं तोंड ऐकायचं? जळो मेलं.

९ मार्च, रविवार

आज त्यानं मला बाहेरच्या सामाईक गॅलरीत बोलावलं. मी तिकडे एक जागा बघून आलोय, म्हणाला. मला वाटलं, जमीन घेतोय. तर वृद्धाश्रम! स्कुडाईच्या बाजूला, बाग आहे, परिचारिका आपली तेओच्यू बोली बोलतात, महिन्याला तीन हजार नऊशे रिंगिट.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "आई म्हणजे टूथपेस्ट नव्हे, बून तिआक. पलीकडे स्वस्त मिळते म्हणून घ्यायची."

त्यानं मान खाली घातली. ती घालता येते त्याला, लहानपणापासून. मग हळूहळू म्हणाला की इथल्या आश्रमाला महिन्याला अडतीसशे डॉलर पडतात, आईची शिल्लक आणि त्याचा पगार मिळून तेवढं निघत नाही. इथंच ठेवायचं असेल तर हे घर विकावं लागेल, घर आईच्या नावावर आहे. "आणि मग आचे, तू..." एवढं बोलून थांबला.

मी म्हटलं, माझी काळजी तू करू नकोस, मी कुठंही राहीन. चांगलं तोंडावर सांगितलं. मुई चूच्या घरात ती इस्त्रीची खोली आहे, जिच्यात स्वस्तात आणलेल्या टिश्यूंचे गठ्ठे छतापर्यंत गेलेत, तिथं तर मी मेले तरी जाणार नाही. तिनं अजून बोलावलेलं नाही, हा भाग वेगळा.

१६ मार्च, रविवार

आज आईला सांगितलं. सांगितलं म्हणजे तो पलंगाशी बसून बागेबद्दलच बोलत राहिला. कुठली झाडं, कारंजं चालतं की नाही. शेवटी आईनंच विचारलं, घेतात किती?

"तीन हजार नऊशे."

"आणि इथं?"

"अडतीसशे, मा."

आईनं थोडा वेळ डोळे मिटले. मग म्हणाली, "म्हणजे तिकडचं शंभरनं महाग."

मुई चूनं तोंड उघडलं, तर बून तिआकनं तिच्या पावलावर पाऊल दाबलं. मी पाहिलं ना.

आई तरणी होती तेव्हा त्यांचा पैसा आणि आपला पैसा एकास एक चालायचा. ती खालच्या बाजारात मासे विकायची, गिऱ्हाईक तिकडची नोट देवो की इकडची, दोन्ही एकाच डब्यात. ते बंद होऊन पन्नास वर्षं झाली. पण मुआरला मावशी वारली त्यानंतर आई कधी पलीकडे गेली नाही, आणि तिच्या डोक्यातला एकास एक तसाच राहिला. रिंगिट हा शब्द ऐकू आला तरी ती डॉलरच समजते. वय झालं.

आणि हा लबाड? "एवढा खर्च कशाला करतोस?" असं आईनं विचारलं, तर म्हणतो कसा, "असू दे, मा." जसं काही मूत्रपिंड विकून भरणार आहे! आईनं त्याचा हात धरला. त्यानं धरू दिला. मला तिथं उभं राहवेना, मी उगाच चहा टाकायला गेले.

१९ मार्च, बुधवार

सगळ्या मजल्यावर झालं. आई आल्यागेल्याला सांगते, माझा मुलगा इथलं सोडून तिकडच्या महागड्या ठिकाणी ठेवतोय मला. दूधवाला, औषधाच्या दुकानातला माणूस, लिफ्ट दुरुस्त करणारा. लोक माझ्याकडे बघतात. त्यांना तर भाव ठाऊक असतोच, दर रविवारी बांधावर तेच रांगेत असतात. पण सगळे मान डोलावतात आणि आईला म्हणतात, वा आमा, नशीबवान आहात. पैशाचं नातं असलं की लोकांना खोटं बोलायला काहीच वाटत नाही.

एका वाक्यात मी हे सगळं मोडू शकते. ते वाक्य मी जपून ठेवलंय.

४ एप्रिल, शुक्रवार

चिंगमिंग, आमचा पितरांचा दिवस. बाबांच्या अस्थी ठेवल्यात तिथं गेलो, आईवाचून पहिल्यांदाच. संत्री, वाफवलेले पाव, उकडलेलं कोंबडं, आणि जाळायच्या कागदी नोटांचा हा मोठा गठ्ठा. मुई चूनं आणलेला. कुठून आणला असेल?

पलीकडून. तिथं म्हणे तिसऱ्या हिश्श्यात मिळतो आणि कागद जाड असतो, जळायला चांगला. मेलेल्या माणसाला पाठवायचे पैसेसुद्धा ही बाई भाव करून आणते. मी विचारलं, बाबांना तिकडे हे पैसे बदलून घ्यावे लागणार का? ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

बाबांच्या फोटोसमोर बून तिआक बराच वेळ उभा होता. ओठ हलत होते. माफी मागत असेल, नाहीतर लॉटरीचा आकडा.

१० एप्रिल, गुरुवार

शेजारच्या रोहायाबाई रायाच्या सणाला, म्हणजे ईदला, पलीकडे बातू पहातला माहेरी गेल्या होत्या, त्या परतल्या. आईनं त्यांच्याकडून गुडघ्याला चोळायचं तेल मागवलं होतं. माझ्या गुडघ्याला. मी सांगितलं नव्हतं. बाटलीवर चिठ्ठी, नऊ रिंगिट नव्वद. आईनं उशीखालून पैसे काढून रोहायाबाईंच्या हातात तीन डॉलर ठेवले. रोहायाबाईंनी हसत हसत घेतले.

मला लाजेनं मेल्यासारखं झालं. म्हणजे आता शेजाऱ्यांनाही बुडवायला लागली म्हातारी. तिच्या हिशेबानं दहा द्यायला हवे होते, दिले तीन. डोकं पारच कामातून गेलं. मी मागोमाग जाऊन आणखी सात डॉलर द्यायला लागले, तर रोहायाबाई घेईनात. "अगं, आमांनी बरोबर दिलेत," म्हणाल्या. सभ्य बाई आहे. म्हातारीची चूक दाखवणार नाही. मी पैसे त्यांच्या चपलांच्या फडताळावर ठेवून आले, दार लावून घेतलं.

तेल बरं आहे. वास वाईट आहे.

२० एप्रिल, रविवार

बघून आले एकदाची ती जागा. दोष काढायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू?

पडदे भडक. चहा पाकासारखा गोड. कारंजं बंद. कचेरीतल्या बाईनं मला "आंटी" म्हटलं, ती स्वतः पन्नाशीची. भिंतीवरचं घड्याळ पुढे. आणि एक परिचारिका एका म्हातारीचे केस विंचरत होती, अगदी सावकाश, गुंता बोटांनी सोडवून. पाहुणे आले की करत असतील हे सगळं. मी परत जाताना मुद्दाम मागे वळून पाहिलं, तर अजून विंचरत होती.

आईचे केस मी कधी विंचरले ते आठवेना. वेळ कुठं असतो? तिला कुशीवर वळवायचं म्हणजे माझी अर्धी सकाळ जाते, आणि उरलेली अर्धी मी धापा टाकत बसते.

येताना बून तिआकनं नूडल खायला घातले. नऊ रिंगिट, आणि चवीला इथल्यापेक्षा चांगले. हे त्याला सांगायची काहीच गरज नव्हती, म्हणून सांगितलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

आज आईला न्हाणीघरातून आणताना आम्ही दोघी खाली बसलो. पडलो नाही, बसलो. फरशी ओली होती. माझ्यानं तिला उचलवेना आणि तिला सोडून मला उठवेना. ती माझ्या मांडीवर, मी दाराला टेकलेली. ती म्हणाली, बी लेंग, लहानपणी तू अशी बसायचीस माझ्या मांडीवर, मासे कापताना. मी म्हटलं, बोलू नकोस, शक्ती घालवू नकोस. शेवटी भिंतीवर थापा मारून रोहायाबाईंच्या पोरांना बोलावलं, दोघांनी उचललं.

फरशी बदलायला हवी. बून तिआकला सांगून काय उपयोग? पलीकडून आणेल.

संध्याकाळी तो आला आणि मला काही न विचारता सांगून टाकलं, आश्रमाशी ठरवलंय, अकरा मे. म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला यांचा. ठीक आहे. आता ते वाक्य बोलायची वेळ झाली. आपण कुठल्या भावाला विकले जातोय ते आईला कळू दे. एकदा कळलं की ती जायची नाही, मानी बाई आहे. घर विकायचं तर विकू दे.

३ मे, शनिवार

बोलले.

ती दोघं स्वयंपाकघरात पिशव्या रिकाम्या करत होती. मी आईच्या खोलीत जाऊन पलंगाशी बसले आणि म्हटलं, "मा, तिकडचे तीन हजार नऊशे म्हणजे आपले जेमतेम बाराशे. एकास एक संपलं कधीचं. तो तुला महागात ठेवत नाहीये. तो तुला तिसऱ्या हिश्श्यात ठेवतोय."

आई म्हणाली, "हळू बोल. तो ऐकेल."

मला वाटलं, तिला समजलंच नाही. मी पुन्हा सांगायला लागले, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला अजून मासळीचा वास येतो असं मला नेहमी वाटतं, येत नसणार.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "रोज रेडिओवर सांगतात."

मग हे सगळं काय चाललं होतं, विचारलं. ती छताकडे बघत होती. म्हणाली, पडल्यापासून पोरगा माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता. बागेचं सांगायचा, झाडांचं सांगायचा, पण पायाकडे बघून. स्वस्तात आईला टाकतोय म्हणून मनातून मरत होता. मी महाग म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा वर बघून "असू दे, मा" म्हणाला. मग मी तेच धरून ठेवलं.

"तुला जायचंय का तिकडे?"

"नाही."

"मग जाऊ नकोस. इथंच राहा. घर विकू आपण."

"आणि तू?"

"मी कुठंही राहीन. सांगितलंय त्याला."

"कुठंही म्हणजे कुठं? पत्ता सांग."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे सगळ्याला उत्तर असतं, ते सगळ्यांना माहीत आहे, कचेरीत मला त्यावरून नाव पडलं होतं. आई वाट बघत होती. स्वयंपाकघरात मुई चू टूथपेस्टचा भाव सांगत होती. मला एकसुद्धा पत्ता आठवला नाही. त्रेसष्ट वर्षांत या एका घराशिवाय मी कुठं राहिलेच नाही. आणि आता रडूही नीट येईना, नाकातून पाणी यायला लागलं. आईनं स्वस्तातल्या टिश्यूचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"भांडू नकोस त्याच्याशी," म्हणाली. "आणि बाई ठेवलीस तर टिकवत जा. तुलाही लागेल पुढे."

७ मे, बुधवार

आईचे केस विंचरले. मला सवय नाही. दोनदा ओढले गेले.

रोहायाबाईंकडे गेले. ते सात डॉलर त्यांनी तसेच कागदात गुंडाळून ठेवले होते, ते घेतले. मान वर करून बोलता येईना. त्या म्हणाल्या, बस, चहा पिऊन जा. बसले.

११ मे, रविवार

आज मातृदिन. बून तिआकनं तारीख धरताना कॅलेंडर बघितलं नव्हतं, तो कधीच बघत नाही. बांधावर ही रांग. सगळं सिंगापूर आपापल्या आयांना तिसऱ्या हिश्श्यात जेवू घालायला निघालेलं. पुढच्या गाडीत एक म्हातारी डोक्यात फूल खोवून बसली होती, सून फोनवर भाव बघत होती. बिनडोक, भुक्कड, कवडीचुंबक जात आमची. आई मात्र खिडकीतून समुद्र बघत होती आणि म्हणाली, पाणी तेच आहे.

मुई चू मागच्या सीटवर आईचं डोकं खांद्यावर घेऊन तीन तास हलली नाही. उतरताना तिचा हात बधिर झाला होता, ते तिनं कोणाला सांगितलं नाही, मला दिसलं. म्हणून काही ती मला आवडायला लागली असं नाही. वाटेत म्हणाली, आचे, ती इस्त्रीची खोली मी रिकामी करतेय, कधी आलात तर. मी म्हटलं, टिश्यू कुठं ठेवणार?

खोली बरी आहे. खिडकीबाहेर आंब्याचं झाड. शेजारच्या पलंगावर एक म्हातारी, ती मूळची बेडोकची, म्हणजे आपल्याकडचीच. तिचा मुलगा तिला इथं ठेवून गेला त्याला चार वर्षं झाली. आईला पलंगावर निजवतात न निजवतात, तोच तिनं विचारलं, तुमचा मुलगा भरतो किती? बून तिआक पेटी घेऊन दारात उभा होता, पेटी खाली ठेवायचं विसरला.

आई मोठ्यांदा म्हणाली, "तीन हजार नऊशे. आमच्याकडे अडतीसशेत मिळत होतं. पण पोरगा ऐकेना."

ती म्हातारी माझ्याकडे बघायला लागली. तिला भाव ठाऊक आहे, चार वर्षं राहतेय इथं. आईनंही माझ्याकडे बघितलं. बून तिआकनं बघितलं नाही, तो जमिनीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे.

मी म्हटलं, "शंभरनं महाग आहे. मी तर पहिल्या दिवसापासून भांडतेय त्याच्याशी, एवढा खर्च करू नकोस म्हणून. ऐकतो कुठं?"